आर्करूला : आउटबॅकमध्ये पहिल्यांदाच गाडीने जाणाऱ्यांसाठी

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडपासून उत्तरेला सुमारे 700 किलोमीटरवर, फ्लिंडर्स पर्वतरांगा जिथे संपत येतात त्या टोकाला, आर्करूला नावाचे 610 चौरस किलोमीटरचे खासगी अभयारण्य आहे. रेग स्प्रिग हे भूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी ग्रिसेल्डा यांनी 1968 मध्ये मेंढपाळीची ही जमीन विकत घेतली, मेंढ्यांचा व्यवसाय बंद केला आणि डोंगर, वनस्पती व प्राणी राखण्याचे काम सुरू केले. आज तिथे तंबूसाठी जागा, साध्या खोल्या, उपाहारगृह आणि इंधनाचा पंप आहे, आणि त्या पलीकडे दूरवर मनुष्यवस्ती जवळजवळ नाही.

ॲडलेड, मेलबर्न किंवा सिडनीत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांनी, किंवा मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना ऑस्ट्रेलियाचा खरा मुलूख दाखवू इच्छिणाऱ्यांनी, आउटबॅकची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या दूरवरच्या अंतर्भागाची, सुरुवात उलुरू या प्रसिद्ध महाकाय खडकाऐवजी येथून करावी, असे माझे मत आहे. कारण सरळ आहे. येथे एकांत पुरेपूर मिळतो, परंतु रस्त्याच्या शेवटी माणसे आहेत, आणि 700 किलोमीटरपैकी केवळ शेवटचे सुमारे 130 किलोमीटर कच्चे आहेत. तयारी मात्र पूर्ण हवी, आणि तयारी करताना प्रत्येक वस्तूबाबत एकच प्रश्न विचारावा : वाटेत गाडी एक दिवस अडकून पडली, तर हे पुरेल का? पाणी, इंधन, अन्न आणि दिवसाचा उजेड या चारही गोष्टी हातचे राखूनच खर्चायच्या आहेत.

हंगाम आणि दिवसांचा हिशेब

एप्रिल ते ऑक्टोबर हा योग्य काळ आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत तापमान 40 अंशांच्या वर सहज जाते; त्या दिवसांत लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असताना हा प्रवास करूच नये. जून-जुलैमध्ये दुपार आल्हाददायक असते, परंतु रात्री पारा शून्याजवळ उतरतो, त्यामुळे पुणे-नाशिकच्या हिवाळ्याच्या अंदाजाने नेलेली पांघरुणे अपुरी पडतात. शाळांच्या सुट्ट्यांमध्ये जागा आधी राखून ठेवावी.

जाण्यासाठी दोन, तिथे तीन आणि परतीसाठी दोन असे सात दिवस हाताशी ठेवावेत. ॲडलेडहून पहाटे निघून रात्री आर्करूला गाठण्याचा बेत नकाशावर शक्य दिसतो, पण त्यात दिवसातला सर्वांत अवघड रस्ता सर्वांत थकलेल्या वेळी आणि अंधारात येतो. परतीनंतर दुसऱ्याच दिवशी कामावर हजर राहायचे असेल, तर पावसाने रस्ता बंद झाल्यावर माणूस नको ते धाडस करतो; म्हणून सात दिवसांनंतर आणखी एक दिवस मोकळा असावा.

गाडी आणि कागदपत्रे

रस्ता कोरडा असेल तर कॉपली (जिथे डांबर संपते ते गाव) ते आर्करूला हा मुख्य रस्ता काळजीपूर्वक चालवलेल्या साध्या गाडीनेही पार होतो. तरीही भाड्याने घ्यायची असेल तर उंच बांधणीची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे करारपत्र वाचावे. भाड्याच्या अनेक साध्या गाड्या डांबरी रस्ता सोडून नेण्यास करारानेच मनाई असते; तशा गाडीला कच्च्या रस्त्यावर काही झाले, तर विमा लागू होत नाही आणि सगळा खर्च भाडेकरूच्या अंगावर येतो. परवानगी असलेल्या करारातही टायर, पुढची काच, गाडीचा तळ आणि पाण्यातून गाडी घातल्याने झालेले नुकसान वगळलेले असू शकते. हे चार मुद्दे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावेत.

ऑस्ट्रेलियात गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. पर्यटक म्हणून आलेल्यांना इंग्रजीतील भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. तरीही भारतातून निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा, कारण गाडी भाड्याने देणारे काही जण तो मागतात. स्थायी व्हिसावर आलेल्यांना ठरावीक मुदतीत स्थानिक परवाना काढावा लागतो.

स्टेपनी बदलण्याचा सराव घरीच करावा

आउटबॅकमधील सर्वसाधारण अडचण म्हणजे टायर फुटणे. धारदार दगडांनी टायरची बाजू कापली जाते, आणि ती पंक्चरच्या ठिगळाने दुरुस्त होत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेताच स्टेपनी कुठे आहे, ती पूर्ण आकाराची आहे की तात्पुरती बारीक आहे, तिच्यात हवा आहे का, आणि जॅक व पाना जागेवर आहेत का, हे पाहावे. तात्पुरती बारीक स्टेपनी या रस्त्यासाठी निरुपयोगी आहे. गाडी बदलून मागावी. दोन स्टेपन्या मिळाल्या तर उत्तम.

त्यानंतर घरासमोर एकदा चाक प्रत्यक्ष बदलावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे असतात, कारण गाडी उचलल्यावर जोर लावला की चाक फिरते आणि जॅक घसरू शकतो. जॅक गाडीच्या नेमक्या कोणत्या बिंदूखाली लावायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. कच्च्या रस्त्याकडेची माती भुसभुशीत असते आणि जॅक तिच्यात रुतून बसतो, म्हणून दीड वीत लांब-रुंद, जाड लाकडी फळी बरोबर न्यावी आणि जॅक तिच्यावर ठेवावा. उरलेल्या चाकांना मागून-पुढून दगड लावावेत. नवे चाक बसवताना नट गोल क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आणि पुढे काही अंतर गेल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. कुटुंबातील निदान दोघांना हे जमले पाहिजे, कारण गाडी चालवणाराच आजारी पडला तर स्टेपनी असून नसल्यासारखी होते.

हवेचा दाब मोजण्याचे साधे यंत्र आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप या दोन वस्तूंवर केलेला खर्च वाया जात नाही. त्यांचा उपयोग पुढे येईलच.

पाणी, इंधन, अन्न

पिण्यासाठी माणशी दररोज किमान पाच लिटर पाणी धरावे, स्वयंपाक-धुणे मिळून आठ-दहा लिटर, आणि वर दोन दिवसांचा अधिक साठा. सगळे पाणी एकाच मोठ्या पिंपात न भरता तीन-चार डब्यांत विभागावे, म्हणजे एखादा डबा फुटला तरी सर्व पाणी जात नाही. वाटेतले ओढे नकाशावर निळ्या रेघांनी दाखवलेले असले तरी ते वर्षाचा बराच काळ कोरडे असतात, हे ध्यानात ठेवावे.

इंधनाची टाकी वाटेतील हॉकर गावात भरावी, कॉपलीच्या अलीकडील ली क्रीक येथे पुन्हा काठोकाठ भरावी. आर्करूलातही पंप आहे, पण पोचल्यावर मिळेल या भरवशावर अर्ध्या टाकीने निघू नये. कच्च्या रस्त्यावर आणि डोंगरी वाटांवर गाडी नेहमीपेक्षा जास्त इंधन पिते. जादा इंधन कॅनमध्ये नेणार असाल, तर तो कॅन माणसे बसतात त्या भागात ठेवू नये.

अन्नाच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर या प्रवासाला अगदी सोयीचे आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, पोहे आणि डाळ-तांदूळ यांना फ्रिज लागत नाही, आणि एका शेगडीवर सर्व होते. मात्र दोन नियम कटाक्षाने पाळावेत. भारतातून आणलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावरील प्रवेशपत्रात जाहीर करावा; जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूला मात्र दंड होतो. दुसरे म्हणजे, मेलबर्न किंवा सिडनीकडून गाडीने येणाऱ्यांना दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर ताजी फळे आणि टोमॅटो, मिरच्या यांसारख्या भाज्या आत आणता येत नाहीत, कारण फळमाशी रोखण्याचे नियम तिथे कडक आहेत. ताजी भाजी ॲडलेड किंवा पोर्ट ऑगस्टा येथे घ्यावी.

संपर्क आणि निरोपाची व्यवस्था

कॉपली मागे पडल्यावर मोबाइल गृहीत धरू नये. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि छापील नकाशाही जवळ ठेवावा. संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारा, 406 मेगाहर्ट्झवर चालणारा छोटा पीएलबी बीकन विकत किंवा भाड्याने मिळतो. स्वतःचा घेतल्यास ऑस्ट्रेलियन सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे त्याची विनामूल्य नोंदणी करावी. तो केवळ जिवावर बेतले असतानाच वापरायचा असतो, टायर फुटला म्हणून नव्हे. मोबाइलला सिग्नल असेल तिथे तातडीच्या मदतीसाठी 000 हा क्रमांक आहे. आजारी माणसाला विमानाने हलवणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस 1928 पासून अशाच मुलखासाठी काम करते आणि पोर्ट ऑगस्टा येथे तिचा तळ आहे. तरीही विमान यायला वेळ लागतो, म्हणून नेहमीची औषधे दुप्पट घ्यावीत.

शहरातील एका विश्वासू व्यक्तीला मार्ग, मुक्काम, गाडीचा क्रमांक आणि पोचण्याची अपेक्षित वेळ लिहून द्यावी, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून पोलिसांना कळवायचे, हेही तिच्याशी आधीच ठरवावे. नुसते ‘पोचलो की फोन करतो’ असे सांगून निघणे पुरेसे नाही.

प्रत्यक्ष प्रवास

पहिल्या दिवशी ॲडलेड ते पोर्ट ऑगस्टा हे सुमारे 310 किलोमीटर महामार्गाने जातात. तेथून पिची रिची खिंडीतून क्वॉर्न आणि पुढे हॉकर लागते. मुक्काम हॉकरला करावा, किंवा आणखी सुमारे 50 किलोमीटर आत विल्पेना पाउंडला जावे. विल्पेनाचे डोंगरांनी वेढलेले विशाल खोरे इकारा-फ्लिंडर्स रेंजेस राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि इकारा हे अद्न्यामत्ना या तेथील आदिवासी लोकांनी दिलेले नाव आहे. जवळच्या ब्राचिना घळीत रस्त्याकडेच्या खडकांचे थर वयानुसार फलक लावून दाखवले आहेत. वेळ असेल तर परतीच्या प्रवासात तो फेरा घ्यावा.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक विभागाने दिलेली आउटबॅकच्या रस्त्यांची स्थिती पाहावी आणि आर्करूलाच्या कार्यालयात फोन करून विचारावे. बंद असा फलक असलेल्या रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो, आणि ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या नंतर येणाऱ्या सगळ्यांना भोवतात. हॉकर ते कॉपली हे सुमारे 160 किलोमीटर डांबरी आहेत. वाटेतील ली क्रीक हे गाव कोळशाच्या खाणीसाठी वसवले होते. खाण 2015 मध्ये बंद झाली आणि गावाची वस्ती ओसरली. कॉपलीला क्वांडॉंग या आंबटगोड रानफळाचा ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळाला, तर तो जरूर खावा. डांबर संपण्याआधी पोटात काही घालण्यासाठी थांबणे हे टायरच्या दृष्टीनेही सोयीचे आहे, कारण हवा कमी करायची जागा हीच.

कच्च्या रस्त्यावर

डांबरी रस्त्यासाठी असलेला टायरचा दाब सुमारे एक चतुर्थांशाने कमी करावा. उदाहरणार्थ, 36 पीएसआय असेल तर 27-28 वर आणावा. हवा कमी असलेला टायर दगडावर कापला जाण्याऐवजी दबतो, आणि पकडही सुधारते. मात्र कमी हवेत वेग कमी ठेवणे बंधनकारक समजावे, नाहीतर टायर तापून फुटतो. ताशी 60 ते 70 किलोमीटर पुरेसे आहेत. कायद्याने परवानगी असलेली वेगमर्यादा याहून जास्त असते, पण ती नवख्याने गाठण्यासाठी नाही.

या रस्त्यांवर आडव्या बारीक लाटा पडतात आणि पन्हाळी पत्र्यावरून गाडी नेल्यासारखी ती थडथडते. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट न आवळता स्थिर धरावे, अचानक ब्रेक लावू नये आणि वळणापूर्वीच वेग उतरवावा. समोरून वाहन आले तर वेग कमी करून डावीकडे सरकावे, कारण उडालेला एक खडा काच फोडायला पुरतो. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात शिरून तिला मागे टाकण्याचा प्रयत्न करू नये. पाच मिनिटे थांबले की धुरळा आपोआप बसतो. महामार्गावर अनेक डबे जोडलेल्या, 50 मीटरांहून लांब असू शकणाऱ्या रोड ट्रेन भेटतात, त्यांना ओलांडायला सरळ आणि मोकळा रस्ता दूरवर दिसला पाहिजे.

कांगारू आणि एमू पहाटे व संध्याकाळी रस्त्यावर येतात. समोर प्राणी आला तर सरळ रेषेत ब्रेक लावावा. स्टिअरिंग झटक्याने फिरवल्यामुळे गाडी उलटून होणारे अपघात प्राण्याला धडकण्यापेक्षा घातक ठरतात. मेलेल्या प्राण्यावर मोठे गरुड बसलेले दिसले तर बऱ्याच अलीकडे वेग कमी करावा, कारण जड पक्ष्याला उडायला वेळ लागतो आणि तो नेमका काचेच्या उंचीवर येतो. एकंदरीत, दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोचणे हा नियम करावा. जूनमध्ये साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो.

ओढ्यात पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल, तर थांबावे. पाऊस डोंगरात दूर पडलेला असतो आणि आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असते. बहुतेक वेळा काही तासांत पाणी उतरते. वाटेतील नेपाबन्ना ही अद्न्यामत्ना लोकांची वस्ती आहे. तिथून हळू जावे आणि न विचारता घरांचे वा माणसांचे फोटो काढू नयेत. बाल्कनूना येथे राष्ट्रीय उद्यानाचे ठाणे लागते, आणि तेथून आर्करूला सुमारे 30 किलोमीटर उरते.

तंबूची जागा

आर्करूलात विजेची जोडणी असलेल्या जागा आहेत आणि वीज नसलेल्या, थोड्या दूर विखुरलेल्याही आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः मुलांसह, स्नानगृहाजवळची जागा घ्यावी. एकांत हवाच असेल तर दुसऱ्या रात्री दूर सरकता येते. ओढ्याचे कोरडे पात्र सपाट, मऊ आणि मोहक दिसते, परंतु त्यात तंबू कधीही ठोकू नये. काठावरील नदीकाठच्या जुन्या निलगिरीखालीही नको, कारण या झाडांच्या जाड फांद्या वारा नसतानाही अचानक मोडून पडतात. दिवसा सावलीसाठी बसायलाही झाडाच्या पसाऱ्याबाहेरची जागा पाहावी.

जमीन दगडी असते, त्यामुळे तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या वाकतात. जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी न्यावी. बूट रात्री तंबूच्या आत ठेवावेत, सकाळी झटकून घालावेत. अन्न आणि कचरा गाडीत बंद ठेवावा. शेकोटीचे नियम ऋतू व दिवसानुसार बदलतात, आणि संपूर्ण आगबंदीच्या दिवशी उघड्यावर गॅसची शेगडी पेटवण्यावरही निर्बंध असतात. म्हणून रोज कार्यालयात विचारावे. लाकूड रानातून तोडू किंवा गोळा करू नये, ते सरड्यांचे व कीटकांचे घर असते. माश्यांसाठी तोंडावर घेण्याची जाळी हास्यास्पद दिसते, पण दिवसभर डोळ्यांभोवती माश्या घोंघावू लागल्या की हसणारेच ती मागतात.

तिथे काय पाहावे

येथील डोंगर प्राचीन आहेत. माउंट पेंटर भागातील खडक सुमारे 160 कोटी वर्षांचे आहेत. स्प्रिग यांनी 1946 मध्ये येथून नैऋत्येला असलेल्या एडियाकारा टेकड्यांत मऊ शरीराच्या प्राचीन जीवांचे ठसे शोधले. त्या टेकड्यांच्या नावावरून 2004 मध्ये भूशास्त्रीय कालखंडाला एडियाकारन हे नाव मिळाले. येथे युरेनियमही आहे आणि त्यासाठी खाणकामाचे प्रयत्न झाले. मोठ्या वादानंतर 2012 मध्ये या जागेसाठी स्वतंत्र संरक्षण कायदा झाला. परालाना येथील गरम झऱ्यांत रेडॉन वायू आहे, त्यामुळे तिथे पाण्यात उतरू नये आणि रेंगाळू नये. दगड किंवा जीवाश्म उचलून आणणे सर्वत्र वर्ज्य आहे.

अद्न्यामत्ना कथेनुसार आर्करू हा महासर्प फ्रोम सरोवराचे सारे पाणी पिऊन डोंगरात परतला, त्याच्या जड शरीराने घळी कोरल्या गेल्या, आणि त्याच्या पोटातील गुरगुर अजून जमिनीखालून ऐकू येते. या भागात लहान भूकंप वरचेवर होतात, आणि हे सरोवर आज बहुधा मिठाचा कोरडा पट्टा असते. ते उंचावरून पाहायचे असेल तर रिजटॉपची सफर घ्यावी. ही सफर अभयारण्याच्या उघड्या ट्रकमधून चालकासह होते, तिला चार-साडेचार तास लागतात आणि ती सिलर्स लुकआउटपर्यंत जाते. ती महाग वाटेल, परंतु अन्य एखादा खर्च कमी करून हा करावा. तिथला चढ स्वतःच्या गाडीने चढण्यास परवानगी नाही, आणि तो पाहिल्यावर तशी इच्छाही उरत नाही. ज्यांचे गुडघे किंवा पाठ दुखते त्यांनी मात्र आदल्या दिवशी चालकाशी बोलून घ्यावे, कारण धक्के जोरदार बसतात.

पिवळ्या पायांचा रॉक वॉलबी हा कांगारूच्या जातकुळीतला छोटा प्राणी सकाळ-संध्याकाळ कड्यांवर दिसतो. खाली थांबून, आवाज न करता पाहावे. पायवाटेवर निघताना कार्यालयात सांगून जावे, माणशी तीन लिटर पाणी पाठीवर घ्यावे आणि दुपारी बाराच्या आत परतावे. रात्रीचे आकाश हा येथील सर्वांत मोठा ठेवा आहे. 2023 मध्ये आर्करूलाला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा त्रिशंकू येथे उंच असतो, एप्रिल-मेच्या संध्याकाळी अगस्त्यही तिथल्यापेक्षा बराच वर दिसतो, आणि महाराष्ट्रातून जवळजवळ न दिसणारे मॅगेलनचे दोन मेघ येथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चंद्र नसलेल्या रात्री निवडाव्यात.

गाडी बंद पडली तर

गाडी सोडून मदत शोधायला चालत जाऊ नये. शोधपथकाला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, आणि आउटबॅकमधील अनेक मृत्यू गाडी सोडून चालू लागल्यामुळे झाले आहेत. बॉनेट उघडे ठेवावे, गाडीच्या बाजूला चादर बांधून सावली करावी, आणि तहान लागेल तसे पाणी प्यावे. पाणी पुरवण्यासाठी तहान मारणे धोकादायक आहे. अन्न मात्र कमी खावे. या रस्त्यावर दिवसभरात एखादी तरी गाडी येण्याची शक्यता असते. दुसऱ्याची गाडी थांबलेली दिसल्यास आपणही थांबून विचारावे, येथील रीतच तशी आहे.

परतताना

कॉपलीला डांबर लागताच टायरमध्ये हवा पूर्ववत भरावी, कारण कमी हवेच्या टायरने महामार्गावर वेगाने जाणे सर्वांत जोखमीचे. पुढे इंजिनाचे हवेचे फिल्टर, काच आणि दिवे यांवरील धूळ झाडावी. भाड्याची गाडी परत करण्यापूर्वी ती धुऊन तळ, टायर आणि काचा यांचे फोटो काढून ठेवावेत. निघतानाही तेच केले असेल तर वाद होत नाहीत. सिग्नल मिळताच शहरातील त्या व्यक्तीला परत आल्याचा निरोप द्यावा, अन्यथा आपण विल्पेनाला निवांत चहा पीत असताना तिकडे पोलिसांत आपल्या नावाची नोंद झालेली असेल.